तिसरा दगड

नदी जिथे कोपर वाकवल्यासारखी वळते, तिथल्या दाट जंगलात एक खवले मांजर आपल्या एकुलत्या एका पिल्लाला शेपटीवर बसवून राहत असे. नावात मांजर असलं तरी मांजराशी तिचं काही नातं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मिशा शोधत बसाल. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगावर खवले, पुढच्या पायांना लांब वाकड्या नख्या आणि तोंडात एक लांबच लांब चिकट जीभ. दात मात्र एकही नाही. जन्मात तिने कशाचा चावा घेतला नव्हता. नख्यांनी वारूळ उकरायचं, जीभ आत सोडायची, वाळवी टिपायची आणि पोट भरलं की पिल्लाला घेऊन बिळात जायचं, एवढाच तिचा संसार. आपण तिला खवली म्हणू.

गोष्ट गोड नाही. शेवटी सगळे सुखाने नांदू लागले, असं ऐकायची सवय असेल तर ती आजच्यापुरती बाजूला ठेवा. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो आणि तो कोणावर काढावा तेच कळत नाही, कारण या गोष्टीत खोटं कोणी बोललंच नव्हतं.

त्या जंगलात न्यायनिवाड्याची एक जुनी रीत होती. नदीकाठी एक मोठा अर्जुनसादडा होता, त्याच्याखाली सगळे जमत. मध्ये म्हातारा गवा उभा राहायचा. लहानथोर सगळे त्याला आजोबा म्हणत. ज्याला काही सिद्ध करून दाखवायचं असेल, त्याने दोन दगड आणायचे. पहिला दगड ठेवताना सगळ्यांबद्दलचं एक वाक्य बोलायचं. दुसरा त्याच्या शेजारी ठेवताना एकाच कोणाबद्दलचं वाक्य बोलायचं. मग गवा विचारायचा, "लाथाडतंय का कोणी?" दोहोंतलं एखादं वाक्य खोटं आहे असं ज्याला दाखवता येईल, त्याने पुढे येऊन तो दगड लाथेने उडवायचा. कोणीच पुढे आलं नाही, की गवा झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला एक चपटा दगड शिंगांवर उचलायचा आणि त्या दोघांच्या माथ्यावर ठेवायचा. हा तिसरा दगड म्हणजे निकाल. तो एकदा बसला की पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही.

रीत वाईट होती असं मी म्हणणार नाही. आदल्या पावसाळ्यात एक हरिणी आपल्या पाडसाला अळंबी खाऊ घालायला निघाली होती. तेव्हा वानराने धावत येऊन पहिला दगड ठेवला, "या काठाची लाल टोपीची सगळी अळंबी विषारी असतात." दुसरा दगड ठेवला, "हे अळंबं लाल टोपीचं आहे." कोणी लाथाडलं नाही आणि गव्याने तिसरा दगड ठेवला. हरिणीने पाडसाला मागे ओढलं. एका हट्टी रानडुकराने मात्र "तुमचे दगड तुमच्यापाशी ठेवा" म्हणत तेच अळंबं खाल्लं आणि संध्याकाळी ते नदीच्या उतारावर पाय ताणून पडलेलं सापडलं. त्या दिवसापासून जंगलाचा दगडांवर फारच विश्वास बसला. "दोन बसले की तिसरा आपोआप बसतो," असं जो तो म्हणू लागला. वानराचा रुबाबही वाढला. तो रिकामा बसला तरी हातात दोन दगड खेळवत बसायचा.

उन्हाळा लागला तेव्हा नदीतल्या कासवीने काठावरच्या वाळूत खड्डा करून अंडी घातली आणि वर वाळू सारली. रोज सकाळी ती पाण्यातून मान वर काढून त्या जागेकडे बघायची. एका सकाळी तिथे वाळू उसकटलेली दिसली. जवळ जाऊन पाहते तर खड्डा रिकामा आणि भोवती टरफलं. कासवी रडली की आवाज होत नाही. ती नुसती त्या खड्ड्याशी बसून राहिली. ऊन चढलं, पाठ भाजून निघाली, तरी ती पाण्यात गेली नाही. पाणी प्यायला येणारे तिच्याकडे बघायचे आणि खाली मान घालून निघून जायचे.

चोर कोण, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच विचारत बसणार नाही. अंडी घोरपडीने खाल्ली होती. पलीकडच्या कपारीत ती राहायची. पण हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. जंगलात कोणालाच माहीत नव्हतं आणि घोरपड काही आपण होऊन सांगणार नव्हती.

वानर काही दुष्ट नव्हता. तापलेल्या पाठीने बसून राहिलेली कासवी त्यालाही बघवत नव्हती. तिला न्याय मिळवून द्यायचा, असं त्याने मनापासून ठरवलं. तो दिवसभर झाडावरून खाली बघत फिरला आणि ऊन कलताना त्याला खवली दिसली. ती नख्यांनी एक वारूळ फोडत होती आणि पिल्लू शेपटीला घट्ट धरून बसलं होतं. माती सगळीकडे उडाली होती. वाळूतला खड्डा वानराने सकाळीच पाहिला होता. त्याने फांदीवरच मांडीवर थाप मारली आणि दगड आणायला पळाला.

अर्जुनसादड्याखाली सगळे जमले. कासवीला पुढे जागा करून दिली. खवलीला निरोप गेला तेव्हा ती पिल्लासकट तशीच आली. कशासाठी बोलावलंय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या शेजारी साळू येऊन बसली. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेली. तिचं बीळ खवलीच्या बिळाला लागून होतं. दोघींची उठबस एकत्र, सुखदुःखाच्या गोष्टी एकमेकींपाशी. सगळ्यांच्या मागे एका खडकावर घोरपड उन्हाची शेवटची ऊब खात पडली होती.

वानराने पहिला दगड ठेवला. "कासवीची अंडी खाणारे सगळे माती उकरतात."

खरंच होतं. अंडी वाळूखाली असतात. उकरल्याशिवाय खाणार कशी?

त्याने दुसरा दगड पहिल्याला चिकटवून ठेवला. "खवली माती उकरते."

हेही खरंच होतं. खवलीच्या नख्यांना अजून वारुळाची लाल माती लागलेली होती.

गव्याने विचारलं, "लाथाडतंय का कोणी?"

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी मान डोलावली? लाजू नका. तिथे अख्खं जंगल डोलावत होतं. हरिणीने डोलावली, मोराने डोलावली, मागे खडकावर घोरपडीनेही डोलावली. कासवीने तर सगळ्यांत आधी डोलावली. सकाळपासून तिच्या दुःखाला तोंड नव्हतं, ते आता मिळालं होतं.

खवली पुढे आली. तिचा आवाज बारीक होता, तो मागच्यांना ऐकूही गेला नाही. "आजोबा, तुमची अंडी मी खाल्ली नाहीत... म्हणजे ताईंची. मी नाही खाल्ली."

"यातला कोणता दगड खोटा आहे?" गव्याने विचारलं.

खवलीने पहिल्या दगडाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या नख्यांकडे. "खोटा कोणताच नाही. मी माती उकरते, हे खरं आहे."

"मग कोणता लाथाडतेस?"

"पण मी अंडी खाल्ली नाहीत."

"बाई, असं चालत नाही," गवा म्हणाला. तो रागावला नव्हता, उलट त्याला वाईटच वाटत होतं. "रीत सगळ्यांना सारखी. दोहोंतला एक दगड खोटा आहे म्हण आणि लाथाड. नाहीतर गप्प बस."

खोटं बोलणारी कोणी असती तर तिने सरळ म्हटलं असतं, मी माती उकरतच नाही, ही नख्यांची माती चिखलातून चालताना लागली. दगड उडवला असता आणि घरी गेली असती. खवलीला ते सुचलं नाही. तिला फक्त भीती वाटली आणि भीती वाटली की खवले मांजरं जे करतात तेच तिने केलं. पिल्लाला पोटाशी घेतलं, डोकं आत घातलं, शेपटी वरून गुंडाळली आणि तिचा एक गोळा झाला. त्या गोळ्याला कुठून बोलावं तेच कळेना.

वानर हळूच म्हणाला, "गुन्हा करणारे तोंड लपवतात. हिने तोंड लपवलं." त्याने त्यासाठी नवे दगडही आणले नाहीत. आणायची गरजच उरली नव्हती.

खवलीला दात नाहीत हे साळूला माहीत होतं. खवलीने अंड्याला कधी तोंड लावलं नाही, हेही माहीत होतं. ती उठायलाच निघाली होती. पण उठता उठता तिची नजर आपल्याच पायांकडे गेली. बीळ तिनेही उकरलेलंच होतं. खवलीच्या नावाच्या जागी तिचं नाव घातलं तरी दुसरा दगड तसाच खरा राहत होता. बिळात तिचीही पिल्लं होती. साळू पुन्हा खाली बसली आणि तिने तोंडातून ब्र काढला नाही.

गव्याने तिसरा दगड शिंगांवर उचलला आणि दोघांवर ठेवला.

शिक्षा ठरली, नदीपलीकडच्या माळावर जायचं आणि परत फिरायचं नाही. माळावर झाड नाही, झुडूप नाही आणि तिथे पोती घेतलेली माणसं हिंडतात. हे सगळ्यांना माहीत होतं. जाताना खवली कासवीपाशी थांबली. पिल्लू शेपटीवरून डोकावत होतं. ती म्हणाली, "ताई, मला पण लेकरू आहे. तुमची अंडी मी कशाला खाऊ?" कासवीने मान कवचात ओढून घेतली. खवली उथळ पाण्यातून पलीकडे गेली.

त्यानंतर जंगलात शांतता झाली. चोर गेला, आता काही भीती नाही, असं सगळे म्हणत होते. वानराला जो तो फळं आणून देत होता. कासवीनेही स्वतःला समजावलं. पाणी आटत चाललं तशी तिच्या पोटात पुन्हा अंडी जड झाली आणि एका संध्याकाळी ती वाळूवर चढली. जुन्या खड्ड्यापासून दूर तिने जागा पाहिली, पाठ वळवली आणि मागच्या पायांनी वाळू उकरायला लागली.

वाळू उडत होती. एकदा हा पाय, एकदा तो पाय. उकरता उकरता, का कोण जाणे, तिला वानराचे दगड आठवले. कासवीची अंडी खाणारे सगळे माती उकरतात. ती मनातल्या मनात म्हणाली, हो, खरं आहे. मग तिचे पाय थांबले. तिने मान मागे वळवून खड्ड्याकडे पाहिलं. कासवी माती उकरते. तेही खरं होतं. आणि मग तिसरा दगड बसतो, आपोआप.

कासवी किती वेळ तशी थांबली ते मला माहीत नाही. अर्धा खड्डा तसाच टाकून, पोटातली अंडी पोटातच घेऊन ती अर्जुनसादड्याकडे निघाली.

सकाळी सगळे जमले. गवा म्हणाला, "काय झालं ताई? पुन्हा चोरी?"

"नाही आजोबा. मला दगड मांडायचेत. पण मला हात नाहीत. वानरदादा, तू मांड." तिने त्याला शब्द सांगितले. वानराने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. तरी त्याने पहिला दगड ठेवला.

"कासवीची अंडी खाणारे सगळे माती उकरतात."

मग दुसरा दगड ठेवला. "कासवी... कासवी माती उकरते."

"लाथाडतंय का कोणी?" हे गव्याने नाही, कासवीनेच विचारलं.

कोणी हललं नाही. हरिणीने दुसरीकडे पाहिलं. मोराने पिसारा आवळून घेतला. खडकावरची घोरपड सावकाश खाली उतरली आणि गवतात दिसेनाशी झाली. तिच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

"मग ठेवा तिसरा दगड," कासवी म्हणाली. "माझी अंडी मीच खाल्ली, असा निकाल द्या. रीत सगळ्यांना सारखी."

गव्याने चपटा दगड शिंगांवर उचलला. तो तसाच उभा राहिला. दगड खाली येईना. म्हाताऱ्याची मान थरथरू लागली, नाकातून वाफा निघाल्या, तरी दगड शिंगांवरच. "असं कसं होईल," तो पुटपुटला. "तू आई आहेस."

"ती पण आई होती."

"दगड दोन्ही खरे आहेत," वानर म्हणाला. तो एकदम लहान पोरासारखा दिसत होता. "मी खोटं बोललो नाही. आजोबा, मी खोटं बोललो नव्हतो."

"नव्हतास," साळू म्हणाली. ती गर्दीतून पुढे आली. तिने अंगाचा एक काटा काढला आणि वाळूत एक मोठं कडं काढलं. "हे माती उकरणारे. सगळे यात. मी यात, ताई यात, ससा यात, बिळात घरटं करणारा खंड्यासुद्धा यात." मग त्या कड्याच्या आत तिने एक लहानसं कडं काढलं. "आणि हे अंडी खाणारे. ते सगळे मोठ्या कड्यात आहेत, तुझा पहिला दगड एवढंच सांगतो. खवली मोठ्या कड्यात होती, हे तुझा दुसरा दगड सांगतो. ती लहान कड्यात होती, असं कोणता दगड सांगतो?"

वानर वाळूकडे बघत राहिला. "पण अळंब्याच्या वेळी तर..."

"अळंब्याच्या वेळी लहान कडं लाल टोपीचं होतं आणि मोठं कडं विषाचं. आपलं अळंबं लहान कड्याच्या आत होतं. जो आतल्या कड्यात असतो तो बाहेरच्यात असतोच. बाहेरच्यात असला म्हणून आतल्यात असतोच असं नाही. आपण दगड तसेच मांडले, पण तिला उलट्या बाजूने आत ढकललं." साळूने काटा खाली टाकला. "आणि तिला दात नव्हते. एकही नव्हता. तोंड उघडायला सांगितलं असतं तरी पुरे होतं."

"तेव्हा का बोलली नाहीस?" कासवीने विचारलं.

"मीही माती उकरते ना, ताई."

गव्याने दगड शिंगांवरून बाजूला टाकला. तो झाडाच्या मुळावर आपटून दुभंगला. "तिला परत आणा," गवा म्हणाला. "कोण जातं?"

हरिणीला पाडस होतं. मोराला माळावरच्या माणसांची भीती वाटत होती. वानर म्हणाला, माळावर एकही झाड नाही, मी जमिनीवरून किती पळणार? गव्याचे गुडघे गेले होते. साळू जाते म्हणाली, पण तिच्या मागे तिची पिल्लं येऊन उभी होती. जंगलात इतके पळणारे, उडणारे, उड्या मारणारे असताना खवलीला आणायला कासवी निघाली. तिच्याहून हळू चालणारं तिथे कोणी नव्हतं.

नदी तिने पटकन ओलांडली. पाण्यात ती कोणाला हार जाणारी नव्हती. पलीकडे माळ सुरू झाला आणि मग तिचं एकेक पाऊल जड झालं. जमीन तापलेली, गवत जळलेलं. पोटातली अंडी आता थांबायला तयार नव्हती. एका चढावर तिला थांबावंच लागलं. अंडी तिथेच, उघड्या जमिनीवर पडली. खड्डा करायला वेळ लागला असता. जमीनही दगडासारखी होती. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुढे चालू लागली. आपल्या लेकरांना उन्हात टाकून ती दुसऱ्याच्या लेकराला आणायला चालली होती. तिला ते कळत होतं आणि चालताना ते तिला आतून कुरतडत होतं.

माळाच्या टोकाला एक ताजं बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी माती दोन्ही बाजूंना उडालेली होती, पण ती नख्यांनी उडालेली नव्हती. कुदळीचे घाव होते आणि माणसांच्या पायांचे ठसे. कासवीने बिळात मान घालून हाक मारली, "खवले, मी आलेय गं. चल घरी." आतून काही आवाज आला नाही.

जवळच्या खडकावरून टिटवी म्हणाली, "कोणाला बोलावतेयस? ती गेली."

"कुठे गेली?"

"माणसं आली, पोती घेऊन. मी ओरडले, पण ती पळाली नाही. पिल्लाला पोटाशी धरलं आणि गोळा होऊन पडली. वाघ आला असता तर पंजे मारून मारून थकून गेला असता. माणसांना तर बरंच झालं. धावायला लागलं नाही, पकडायला लागलं नाही. नुसती उचलली आणि पोत्यात टाकली." टिटवीने मान वाकडी करून कासवीकडे पाहिलं. "तुम्ही तिला इकडे पाठवलीत म्हणे. काय केलं होतं तिने?"

बिळाच्या तोंडाशी एक खवला पडला होता, अगदी लहान, नखाएवढा. आईचा नव्हता, पिल्लाचा होता. कासवीने तो तोंडात धरला आणि ती परत फिरली. येताना तिने त्या चढाची वाट टाळली नाही. अंड्यांपाशी मुंग्यांची रांग लागली होती.

ती अर्जुनसादड्याखाली पोहोचली तेव्हा सगळे वाट बघत होते. तिच्या मागे कोणीच नाही हे त्यांना लांबूनच दिसलं, तरी ते तिच्या मागेच बघत राहिले. ते दोन दगड अजून शेजारी शेजारी तसेच होते. कासवीने तो लहानसा खवला त्यांच्यावर ठेवला, जिथे तिसरा दगड ठेवतात तिथे. मग ती कोणाशी न बोलता पाण्यात गेली आणि त्या काठाला तिने पुन्हा कधी अंडी घातली नाहीत.

वानर दगड हातात घ्यायचा नाही. साळू आपल्या बिळातून क्वचितच बाहेर यायची आणि शेजारचं रिकामं बीळ तिने पाल्याने झाकून टाकलं होतं. घोरपडीला पुढे एकदा सगळ्यांनी कोणाची तरी अंडी खाताना पाहिलं, तिला हाकलूनही दिलं. त्याने काही बदललं नाही. न्यायनिवाडा अजून होतो. पण गवा आता घाई करत नाही. दोन दगड मांडले, की तो त्या खवल्याकडे बघतो आणि विचारतो, "या दगडांत आणखी कोण कोण बसतं?" त्या प्रश्नामुळे पुढे कितीतरी जण वाचले, असं म्हणतात. वाचले असतील. खवलीला मात्र हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

अर्जुनसादड्याच्या बुंध्याला हल्ली वाळवी लागली आहे. ती खाऊन टाकणारं त्या जंगलात आता कोणी राहिलेलं नाही.

तात्पर्य : चोर माती उकरतात, म्हणून माती उकरणारा प्रत्येक जण चोर नसतो. दोन वाक्यं खरी आहेत एवढ्यावर मान डोलावू नये. त्यांच्यावर चढवलेलं तिसरं वाक्य खरोखर त्यांच्यातूनच निघतं का, हे ते कोणाच्या डोक्यावर ठेवण्याआधी पाहावं, कारण नंतर कळून उपयोग नसतो.